ताई, ती यादी तुम्ही ओळीओळीने वाचलीत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना आजही रोज फोन येत असणार : "महिन्याला दोनशे बॅकलिंक देतो, तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर, खात्रीने." (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक.) त्या फोनला हो म्हणण्याआधी एखाद्याने हे पत्र वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपली ओळख तुमच्या एका फोनमुळे झाली. वडिलांसाठी दुसरी घोंगडी हवी होती, गूगलवर आमचं दुकान सापडेना, म्हणून जुन्या पार्सलवरचा नंबर शोधून तुम्ही विचारलंत, "साइट बंद केलीत का?" मी म्हणालो, चालू आहे. थोडा वेळ पलीकडून कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तुम्ही म्हणालात, "दुकानाचं नाव टाकलं तर दिसतंय. नुसतं घोंगडी टाकलं तर दहाव्या पानापर्यंत पत्ता नाही. मधल्या काळात कुणाला काम दिलं होतं का?"

दिलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात एका एजन्सीला महिना आठ हजारांवर काम दिलं. दिवाळीपर्यंत आम्ही खरंच वर आलो. माणदेशातल्या पाच मागांवर आमचं काम चालतं; त्या भरवशावर मी हिवाळ्यासाठी काळी लोकर उधारीवर उचलली, विणकरांना उचल दिली. आमचा हंगाम थंडीचा, आणि त्यात दत्तजयंतीच्या आधीचे पंधरा दिवस पारायणाच्या आसनांचे. नेमक्या त्याच पंधरा दिवसांत ऑर्डर थांबल्या. दिवसाला वीस यायच्या, तिथे दोन.

एजन्सीला विचारलं तर म्हणाले, गूगलने नियम बदलले, सगळ्यांचंच असं झालंय. उपाय म्हणून पंचेचाळीस हजारांचं "रिकव्हरी पॅकेज" सांगितलं, त्यात आणखी "जास्त ताकदीच्या" लिंका. तेवढे पैसे माझ्याजवळ होते. लोकरवाल्याला द्यायचे म्हणून बाजूला काढलेले. तुमचा फोन एक दिवस उशिरा आला असता तर ते गेले असते.

"एक रुपया देऊ नकोस," तुम्ही म्हणालात. तोवर अहो-जाहो चालू होतं, त्या वाक्यापासून तुम्ही मला अरे म्हणू लागलात, आणि खरं सांगतो, मला तिथेच धीर आला. तुम्ही विचारलंत, सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटच्या मालकाला साइटबद्दल जिथे कळवतं तिथे, काय दिसतं? मी ते कधी उघडलंच नव्हतं. खातं एजन्सीच्या ईमेलवर होतं. नशिबाने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आईच्या नावावर होतं. त्याच्या नोंदींत एक ओळ घालून आपण मालकी सिद्ध केली आणि आत गेलो. मॅन्युअल ॲक्शनच्या, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईच्या, पानावर निरोप होता : तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका कृत्रिम आहेत. निरोप सात आठवड्यांपूर्वीचा होता. एजन्सीला तो माहीत होता. मला नव्हता.

त्या रात्री मी तुम्हाला लिंकांची यादी पाठवली. दोन हजार तीनशेच्या वर ओळी, चारशेहून जास्त साइटी. मला वाटलं, तुम्ही एखाद्या सॉफ्टवेअरमधून ती गाळून द्याल. चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा प्रत्येक ओळीसमोर तुमच्या हाताने लिहिलेला शेरा होता. "टिप्पणीत घुसवलेली." "एकाच माणसाच्या अकरा साइटींपैकी सातवी." "जुगाराची." "मुदत संपलेलं डोमेन विकत घेऊन त्यावर थाटलेली." आणि अधूनमधून, हिरव्या रंगात, "ही खरी आहे, हात लावू नको."

लिंक म्हणजे काय, हे मला त्याआधी कुणी समजावलंच नव्हतं. मला वाटायचं, लिंक म्हणजे जाहिरातीची पाटी, जितक्या जास्त तितकं बरं. तुम्ही सांगितलंत की १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पेजरँकची, म्हणजे लिंकांवरून पानांचं वजन ठरवण्याची, कल्पना मांडली, ती विद्वानांच्या निबंधांवरून. एका निबंधाचा दाखला बाकीचे किती जण देतात आणि ते देणारे स्वतः किती वजनाचे, यावरून निबंधाची किंमत ठरते. म्हणजे लिंक ही शिफारस आहे. आमच्याकडे धनगरवाड्यात कुणी म्हणतं, "घ्यायची तर त्यांच्या घरची घे, पाऊस अडवते," तशी. मी पैसे देऊन काय केलं होतं? लोकांच्या तोंडी त्यांनी कधी न म्हटलेलं वाक्य घातलं होतं.

आणि तेही एकच वाक्य. अकराशे ठिकाणी लिंकेवर क्लिक करायचे तेच तीन शब्द, "घोंगडी ऑनलाइन खरेदी". तुम्ही म्हणालात, गावात दहा जणांना तुझ्या घरचा रस्ता विचारला तर दहाही जण शब्दाला शब्द तेच सांगतील का? कुणी दुकानाचं नाव घेईल, कुणी आबांचं, कुणी नुसतं "तिकडं" म्हणेल. सगळे एकाच सुरात बोलले तर ऐकणाऱ्याला शंका येणारच. गूगललाही तशीच येते.

माझा बचाव एकच होता, मला माहीत नव्हतं. त्यावर तुम्ही जेसी पेनीची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेतलं एवढं मोठं दुकान. २०१० च्या नाताळच्या हंगामात कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत कशाचाही शोध घ्या, वर तेच. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यामागच्या हजारो विकतच्या लिंका उघड केल्या; गूगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात ते पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर गेले. कंपनी म्हणाली, या लिंका आम्ही लावायला सांगितल्या नव्हत्या, आणि तिने आपली सल्लागार संस्था काढून टाकली. "माहीत नव्हतं हे खरं असेल," तुम्ही म्हणालात, "पण लिंका तुझ्याच दारात येऊन थांबतात." गूगलने तर जानेवारी २०१२ मध्ये स्वतःच्या क्रोमचं पानसुद्धा पैसे देऊन लिहवलेल्या लेखांतल्या लिंकांपायी साठ दिवस खाली ढकललं होतं. ते ऐकल्यावर माझ्यावर अन्याय झाला ही माझी भावना गेली.

गाण्यांचे शब्द देणाऱ्या रॅप जीनियसचंही तुम्ही सांगितलंत. २०१३ च्या नाताळला त्यांना शिक्षा झाली आणि दहा दिवसांत ते परत आले. मी तो दहा दिवसांचा आकडा धरून बसलो. वहीत तारीखसुद्धा घातली. तुम्ही ती खोडायला लावलीत. त्यांच्याखाली खऱ्या लिंकांची जमीन होती, वरचं गवत उपटलं तरी जमीन राहिली. तुझ्याखाली काय आहे ते गवत काढल्यावर कळेल, असं म्हणालात.

तुम्ही ज्या मायेने हे काम करत होतात त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्हीही डिरेक्टऱ्यांत, म्हणजे साइटींच्या नुसत्या याद्या असलेल्या पानांवर, अशाच लिंका टाकायचं काम केलं होतं; तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. मग २४ एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन, म्हणजे खोट्या लिंकांवर वर आलेल्या साइटी खाली ढकलणारं नवं गणित, आलं आणि तुमच्या हातून वर गेलेलं एक छोटं दुकान एका दिवसात दिसेनासं झालं. तेव्हाचं पेंग्विन अधूनमधून चालवलं जायचं. लिंका साफ केल्या तरी पुढच्या फेरीपर्यंत सुटका नाही, आणि ऑक्टोबर २०१४ नंतरची फेरी थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आली. जवळजवळ दोन वर्षं! तुमचं ते दुकान तेवढं थांबू शकलं नाही. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता, ताई. मी तेव्हा काही बोललो नाही. आज सांगतो, त्या दुकानदारासाठी जे करता आलं नाही ते तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि ते पुरेपूर केलंत.

यादीतल्या त्या शाळेची हकिगत मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. परराज्यातल्या एका लहानशा शाळेच्या साइटवर आमची लिंक होती. पानावर काहीच दिसत नव्हतं. तुम्ही पानाचा कोड उघडून दाखवलात : तळाशी, स्क्रीनच्या हजारो पिक्सेल बाहेर ढकललेला एक चौकोन, त्यात साठ-सत्तर लिंका. कर्जाची ॲप, औषधं, सट्टा, आणि मधोमध आमच्या आबांच्या नावाचं दुकान. कुणीतरी जुन्या प्लगिनच्या (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) भोकातून आत शिरून ते पेरलं होतं, आणि त्यातल्या एका लिंकेचे पैसे मी भरले होते.

तुम्ही म्हणालात, ही साइट नुसती यादीत टाकून मोकळं व्हायचं नाही, त्यांना कळव. मी मुख्याध्यापकांना मोडक्या हिंदीत ईमेल लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. साइट एका माजी विद्यार्थ्याने बनवून दिलेली, तो कधीच बाहेरगावी गेलेला. गूगलवर शाळेच्या नावाखाली "ही साइट हॅक झालेली असू शकते" असं येत होतं आणि पालक विचारत होते. ते म्हणाले, "आमच्या भिंतीवर तुमचं नाव कुणी लिहिलं, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही तुमचा अख्खा रविवार त्यांच्या साइटवर घालवलात, भोक बुजवलंत, पासवर्ड बदलून दिलेत, आणि त्यांच्याकडून चहाचेही पैसे घेतले नाहीत.

मग दीड महिना मी रोज रात्री ईमेल लिहिले. लिंक काढा, कृपया. बहुतेकांचं उत्तर नाही. काहींनी काढायचेही पैसे मागितले. तुम्ही ते देऊ दिले नाहीत, फक्त मागणीची नोंद ठेवायला लावलीत. ट्रेकिंगवाल्यांच्या एका साइटवर आम्ही उघडपणे जाहिरात दिली होती, ती तुम्ही राहू दिलीत. तिच्यावर प्रायोजित असल्याची खूण तेवढी घालायला सांगितलीत. पैसे देऊन जाहिरात करण्यात काही वाईट नाही, ती शिफारस म्हणून खपवण्यात आहे, हा फरक मला त्या दिवशी कळला. जे निघालं नाही ते डिसअव्हावच्या फाइलमध्ये, म्हणजे "या लिंका मोजू नका" असं गूगलला सांगणाऱ्या यादीत. तेव्हा तुम्ही सांगितलेलं इथे मुद्दाम लिहितो : ज्याला अशी कारवाई झालेली नाही त्याने घाबरून ही फाइल भरत बसू नये, हातून चांगल्या लिंकाही पुसल्या जातात. हल्ली गूगल बऱ्याच खोट्या लिंका गुपचूप मोजतच नाही. म्हणजे कारवाई झाली नाही तरी पैसे पाण्यात.

कारवाई उठवा म्हणून गूगलकडे केलेला पहिला फेरविचाराचा अर्ज नाकारला गेला. राहिलेल्या लिंकांचे नमुने त्यांनी दाखवले होते. माझा धीर सुटला, तुमचा सुटला नाही. अर्जात मी एजन्सीवर दोन परिच्छेद लिहिले होते, ते तुम्ही काढलेत आणि तिथे काय झालं, आम्ही काय केलं, काय राहिलं, एवढंच लिहवून घेतलंत. दुसरा अर्ज मंजूर झाला.

आम्ही घरी पेढे आणले. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही फोन करून सांगितलंत, "कारवाई उठली म्हणजे दिवाळीतली जागा परत मिळाली असं समजू नको. ती जागा त्या लिंकांची होती. लिंका गेल्या, जागा गेली. जे गेलं ते तुझं नव्हतंच." तेवढं स्पष्ट मला त्या वेळी दुसरं कुणीही सांगितलं नसतं. सगळी साफसफाई झाल्यावर हिरव्या रंगातल्या ओळी उरल्या होत्या एकोणीस.

त्या एकोणीसांवर आम्ही परत उभे आहोत. तुमच्या सांगण्यावरून मी विणकर मामांशी बोलून लिहायला लागलो : चिंचोक्याची खळ का देतात, नवी घोंगडी का टोचते, ती वापरून मऊ कशी होते, काळ्या लोकरीला रंग का द्यावा लागत नाही. कुणाला मागितल्या नव्हत्या अशा सात लिंका या वर्षात आल्या. एक तर मेंढपाळांबरोबर काम करणाऱ्या मुलीने दिली, आणि तिने आमच्या लेखातली एक चूकही दाखवली. ऑर्डर दिवसाला सात-आठवर आहेत. लोकरवाल्याचे पैसे फिटले. पाचही माग चालू आहेत.

तुम्ही फी घेतली नाहीत, विषय काढला की फोन ठेवता. मागच्या आठवड्यात बोलता बोलता म्हणालात की वडिलांच्या घोंगडीचा काठ एका बाजूने सुटलाय. ती पाठवून द्या, ताई. त्याच लोकरीचं सूत अजून आहे. आईने सुई काढून ठेवली आहे.

तुमचा,
घोंगडीवाला भाऊ