गच्चीचे पाईप बदलताना तासाचा पाऊस धरावा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : गच्चीचे पाईप आणि मीटर रूम

महोदय,

रविवारच्या सभेत गच्चीचे पाईप जुन्याच मापाचे घालायचं ठरलं. ‘पाऊस सरासरीइतकाच पडतो, मोठे कशाला?’ असं खजिनदार म्हणाले. तेव्हा मी गप्प बसलो. घरी येऊन हिशेब मांडला, तो कळवतो.

वर्षाची सरासरी धरणवाल्यांच्या कामाची. आपला पाईप तुंबतो तो तासाभराच्या पावसाने. बातम्यांत येणारा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठचा असतो. २०४.५ मिमी झाले की हवामान खातं तो दिवस सर्वांत वरच्या वर्गात टाकतं. पण तेवढंच पाणी चोवीस तास सारखं पडलं तर ताशी साडेआठ मिमी, आपली गच्ची सहज पचवेल. तेच तीन तासांत कोसळलं तर?

एका चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. आपली गच्ची ४०० चौरस मीटर. ताशी ५० मिमीला २०,००० लिटर. ताशी १०० मिमीला, म्हणजे ज्याला ढगफुटी म्हणतात, सेकंदाला ११ लिटर. पाईप चार, आणि त्यातल्या एकात बदामाची पानं असणारच.

मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशेबाने होती, नव्या आराखड्यात ते ५० केलं. तरी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिमी पडला, आणि कुलाब्याला ७४ सुद्धा नाही! म्हणून रत्नागिरीचा आकडा बघून चिपळूणचे पाईप ठरवू नयेत.

हे वाढतंय का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र तिथे घटला. अभ्यास आपल्या किनाऱ्याचा नाही, हे खरं. पण त्या पावसाला ओल पुरवतो तो आपलाच अरबी समुद्र. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी घरात आली ती मोठ्या पाईपांनीही थांबली नसती, हे मान्य. तिच्यासाठी मीटर आणि पंपाचं पॅनल वर नेणं एवढाच उपाय. (२००५ आणि २०२१, दोन्ही तडाखे पुष्य नक्षत्रातले. पुनर्वसूच्या तरण्या पावसापेक्षा पुष्याचा म्हातारा भारी!)

तेव्हा विनंती अशी : चाराचे सहा पाईप करावेत, तोंडाला जाळ्या बसवाव्यात, मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात न्यावेत. मिरगाआधी कंत्राटदाराकडून नवं अंदाजपत्रक मागवा, लेखी, आणि त्यात ताशी किती मिमी धरले ते लिहायला सांगा. पर्जन्यमापक मी माझ्या खर्चाने गच्चीवर लावतो. जोराच्या पावसात दर तासाला नोंद घेईन, गच्चीची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू द्या.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरील एक सभासद
(पाटबंधारे खात्यातून निवृत्त)