बाई, तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा आनंद मेळावा होऊन आता तीन आठवडे झाले. त्या संध्याकाळी मी तुमच्या ओसरीवर आभार मानायला आले, तेव्हा तुम्ही मला दोन वाक्येही पूर्ण करू दिली नाहीत. परसातली मेथीची जुडी हातात ठेवून विषय बदललात. तालुक्याच्या गावी इतकी वर्षे गृहअर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या तुमच्यासारख्या शिक्षिकेला मेळाव्यातल्या आमच्या पदार्थासाठी केलेली ती मदत किरकोळ वाटली असेल. मला ती किरकोळ वाटत नाही, म्हणून जे तोंडी सांगता आले नाही ते या उघड पत्रातून सांगते आहे. तुमचे नाव मात्र लिहिलेले नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे.

माझ्या सहावीतल्या मुलीने मोबाईलवर 'कुकी डो' पाहिला होता आणि मेळाव्यात आपला तोच पदार्थ असावा असा तिचा हट्ट होता. लोणी, साखर आणि मैदा एकत्र फेटून, त्यात चॉकलेटचे तुकडे मिसळून केलेला हा मऊ गोळा न भाजताच चमच्याने खायचा असतो. आमच्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यात ओव्हन असलेली घरे क्वचितच. आमच्या मुलांना कुकी म्हटले की वर्ध्याहून कुणी आणलेला गोरसपाक आठवतो, नाहीतर दिवाळीआधी घरचा मैदा, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत नेऊन भाजून आणलेली नानकटाई. भट्टी लागतच नाही असा पदार्थ म्हटल्यावर मलाही तो सोयीचा वाटला. मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी कच्च्या मैद्याचा नमुना करून पाहिला आणि त्यातली एक वाटी कौतुकाने तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही वाटीचा वास घेतलात, ती बाजूला ठेवलीत आणि विचारलेत, "यातलं पीठ आगीवरून गेलं आहे का?"

घरी हेच माझ्या सासूबाईंनी आदल्या रात्री सांगितले होते. "कच्चं पीठ लेकरायले देऊ नोको, पोट दुखते," असे त्या म्हणाल्या, आणि जुन्या माणसांची समजूत म्हणून मी ते कानाआड केले. तुम्ही मात्र मला खाली बसवून कारण सांगितलेत, आणि त्या कारणाबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. गहू वावरात वाढतो, तिथे माती असते, गुरे असतात, पाखरे असतात. कापणी, मळणी आणि दळण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्यातले जंतू मारले जात नाहीत, त्यामुळे पीठ कितीही पांढरेशुभ्र आणि चाळलेले असले तरी ते कच्च्या धान्याइतकेच कच्चे असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजून घेतले. गिरणीतून पीठ चांगले गरम होऊन येते, असे मी म्हणून पाहिले. त्यावर तुम्ही सांगितलेत की ओल्या पदार्थात जे जंतू लवकर मरतात तेच कोरड्या पिठात कितीतरी अधिक उष्णता सहन करतात, आणि गिरणीची ऊब त्यासाठी मुळीच पुरेशी नसते. पोळी तव्यावर शेकली जाते, भाकर निखाऱ्यावर फुगते, म्हणून आपल्याला या गोष्टीचा कधी विचार करावा लागत नाही. हा पदार्थ मात्र विस्तवाजवळ जातच नाही.

अमेरिकेतली उदाहरणेही तुम्हीच सांगितलीत. २००९ साली तिथे शीतकपाटात ठेवून विकल्या जाणाऱ्या तयार कुकी डोमुळे ई. कोलाय जंतूचा संसर्ग पसरला, तेव्हा तपासात संशयाचे बोट पिठाकडे वळले. २०१६ साली तर थेट पिठामुळेच २४ राज्यांतील ६३ जण आजारी पडल्याची नोंद झाली. तिकडे डब्यात मिळणारा, कच्चा खाण्याजोगा म्हणून विकला जाणारा कुकी डो हा कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पिठाचा आणि अंडे न घालता किंवा पाश्चराइज केलेले अंडे घालून केलेला असतो, हा फरक मोबाईलवरच्या त्या चित्रफितीत कुणीही सांगितला नव्हता. माझ्या मुलीच्या वर्गातली चाळीस मुले तो पदार्थ खाणार होती, बाई. ती वाटी मी तुमच्याकडे आणली नसती तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

तरीही मी लगेच हार मानली नाही, हे तुम्हाला आठवत असेलच. घरी जाऊन मी मैदा कढईत पाच मिनिटे गरम केला आणि आता तरी चालेल ना, असे विचारायला पुन्हा आले. तेव्हाही तुम्ही रागावला नाहीत. कढईत तळाचे पीठ तापते आणि वरचे तसेच राहते, आणि घरच्या घरी अशा रीतीने पीठ निर्धोक झाल्याची खात्री देता येत नाही म्हणून तिथली अन्न व औषध प्रशासन संस्थाही या उपायाची शिफारस करत नाही, हे तुम्ही समजावलेत. मग बेसनाचे लाडू कसे चालतात, हा माझा प्रश्नही तुम्ही हसून टाळला नाहीत. बेसन तुपात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतले जाते, त्याचा रंग बदलतो, घरभर वास सुटतो आणि कण न कण चांगला भाजला जातो. इथे मात्र मैदा पांढराच राहावा म्हणून त्याला जेमतेम ऊब दाखवली जाते. लाडवाची भाजणी आणि ही ऊब एकाच मापाने मोजता येत नाही, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले.

इथपर्यंत तुम्ही मला फक्त थांबवले असतेत तरी उपकार झाले असते. पण मुलीचा पडलेला चेहरा पाहून तुम्ही म्हणालात की पदार्थ सोडायची गरज नाही, पीठ बदलू या. मग किराणा दुकानातून डाळवं आणायला सांगितलेत. फुटाण्याचा हरभरा आधी ओलावून मग कडकडीत तापलेल्या वाळूत भाजला जातो, साल काढून त्याचेच डाळवं होते आणि ते आपण मूठमूठ तसेच खातो. म्हणजे तो आगीवरून गेलेला, तयार खाद्यपदार्थच आहे. त्याच्या जोडीला ज्वारीच्या लाह्या. नुसत्या डाळव्याचा डो जड होतो आणि हरभऱ्याची चव पुढे येते, लाह्यांच्या पिठाने तो हलका होतो आणि चव मागे सरते, ही युक्ती मला कुठल्याही चित्रफितीत सापडली नसती. नागपंचमीच्या लाह्यांचा असा उपयोग होऊ शकतो, हे ऐकून सासूबाईंनाही फार आनंद झाला.

डाळवं गिरणीत दळून आणू का, असे मी विचारले तेव्हा तुम्ही चटकन "नाही" म्हणालात. गिरणीच्या जात्यात आणि कापडी तोंडात आधीच्या घाण्याचे कच्चे गव्हाचे पीठ उरलेले असते, ते पहिल्या दोन-चार मुठींत मिसळून येते आणि मग डाळवं आणण्याचा उद्देशच फसतो. हे घरच्या मिक्सरमध्ये, कोरड्या आणि स्वच्छ भांड्यातच दळायचे, आणि कणकेच्या चाळणीने नव्हे, तर धुऊन उन्हात वाळवलेल्या मैदाचाळणीने चाळायचे, असे सांगून तुम्ही तुमची मैदाचाळणी मला दिलीत. इतक्या बारीक गोष्टीकडे लक्ष देणारे माणूस शेजारी असणे हे आमचे भाग्य आहे.

जे प्रमाण शेवटी जमले ते इथे लिहिते, कारण गावातल्या अनेकींनी ते माझ्याकडे मागितले आहे. डाळव्याचे बारीक पीठ १२० ग्रॅम आणि लाह्यांचे पीठ ३० ग्रॅम, मऊ लोणी ८० ग्रॅम, किसून चाळलेला गूळ ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलचीपूड आणि उकळून पूर्ण गार केलेले दूध दोन ते तीन चमचे. तिकडे या पदार्थात तपकिरी साखर घालतात आणि तिची खमंग चव तिच्यातल्या मळीमुळे असते. आपल्या गुळात ती मळी मुळातच असते, म्हणून गूळ हा इथे नुसता पर्याय नसून माझ्या मते साखरेहून सरसच ठरतो. आधी लोणी आणि गूळ हलके होईपर्यंत फेटायचे, मग मीठ, मग पीठ आणि सर्वांत शेवटी एकेक चमचा दूध. खाण्याचा सोडा घालायचा नाही, कारण भाजायचेच नसेल तर त्याला काही काम उरत नाही आणि जिभेवर साबणासारखी चव मात्र राहते. अंडे तर नाहीच.

पहिल्या खेपेला माझा गोळा भुरभुरीत झाला आणि मी घाबरून त्यात आणखी दूध ओतणार होते. तुम्ही माझा हात धरलात. मैद्यात पाणी पडले की त्यातले ग्लुटेन चिकटपणा आणते, हरभऱ्यात आणि ज्वारीत ते नसते, त्यामुळे या पिठाला ओलावा शोषून घ्यायला वेळ द्यावा लागतो, असे सांगून तुम्ही त्यावर ताट झाकलेत आणि आपण वीस मिनिटे गप्पा मारत बसलो. ताट उघडले तेव्हा तोच गोळा मऊ, एकजीव आणि चमच्याला धरून राहणारा झाला होता. मुलीने पहिला घास घेतला तेव्हाचा तिचा चेहरा तुम्ही पाहिलाच आहे.

लोण्याबद्दलही तुम्ही मला सावध केलेत. मी घरचे लोणी विहिरीच्या पाण्याने धूत होते. बाकी सगळे आगीवरून आणायचे आणि शेवटी न उकळलेले पाणी त्यात मिसळायचे, यात काही अर्थ नाही, हे तुम्ही शांतपणे लक्षात आणून दिलेत. आता साय तापवलेल्या दुधाचीच असते आणि धुण्याचे पाणीही उकळून गार केलेले असते.

मेळाव्याच्या दिवशी जानेवारीची थंडी होती, म्हणून चॉकलेटची वडी बारीक चिरून घालता आली; उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा आपल्याकडे चॉकलेट हातातच वितळते, तेव्हा भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट घालायचा हे तुम्ही आधीच सांगून ठेवले आहे. आम्ही पळसाच्या पानांचे लहान द्रोण लावले, प्रत्येकात दोन चमचे डो घातला आणि द्रोणाची किंमत पाच रुपये ठेवली. फ्रीजबाहेर फार वेळ ठेवायचा नाही ही तुमची सूचना पाळून मी तो स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या पातेल्यात ठेवला होता आणि थोडा थोडाच बाहेर काढत होते. थंडीत दोन तास आणि उन्हाळ्यात फार तर एक तास, हे तुमचे माप मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून आता जेवढा त्या दिवशी संपेल तेवढाच करते.

सगळे द्रोण दुपारच्या सुट्टीआधीच संपले. मुख्याध्यापकांनी कृती विचारली, तेव्हा माझ्या मुलीने ती सांगितली, आणि कच्चा मैदा का घ्यायचा नाही हेही आपणहून समजावले. आपल्या आजीचे म्हणणे बरोबर होते, हेही तिने सर्वांसमोर सांगितले. सासूबाई मेळाव्याला आल्या होत्या. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, पण घरी येताना वाटेत त्यांनी नातीचा हात धरून ठेवला होता. जी गोष्ट त्यांना अनुभवाने ठाऊक होती आणि मी ऐकून घेतली नव्हती, तिला तुम्ही कारणाचे बळ दिलेत. आमच्या घरात त्यामुळे जे बदलले ते मला या पत्रात नीट मांडता येत नाही, पण त्याबद्दल मी मनापासून तुमची आभारी आहे.

यंदा दिवाळीच्या नानकटाईचे पीठ मळताना मुले नेहमीप्रमाणे कच्चे गोळे पळवू लागली तर त्यांच्यासाठी डाळव्याचा गोळा वेगळा करून ठेवायचा, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

तुमची मैदाचाळणी अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी ती घेऊन येते, सोबत एक द्रोणही आणते. या वेळी गूळ थोडा कमी घातला आहे. तुम्हाला गोड कमी चालते हे मागच्या खेपेला माझ्या लक्षात राहिले नव्हते.

आपली कृतज्ञ,
तुमच्या पलीकडच्या गल्लीतली सून