टायनमच्या खुंट्या आणि आईची गल्ली

ती. स्व. काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोनदा म्हणालात, "अगं, आभार कसले मानतेस?" म्हणूनच हे चारचौघांत लिहितेय. समोर बसून बोलले असते तर तुम्ही थर्मास उघडून चहा ओतला असता आणि विषय तिथेच संपला असता.

आई माझ्याकडे इंग्लंडला, पूल या गावी आली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रविवारी वहिनींना टायनमला नेतो." टायनम म्हणजे इथलं, डॉर्सेटमधलं, दुसऱ्या महायुद्धात रिकामं केलेलं गाव. मी धसकलेच. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पळसदेवची ही लेक, आणि तिला ओसाड गाव दाखवायचं? त्या गावाबद्दल आम्ही पोरं विचारायचो तेव्हा तिचं एकच उत्तर असायचं, "गेलं ते पाण्यात गेलं." पुढे गप्प. तुम्ही म्हणालात, "नको वाटलं तर परत फिरू." त्या एका वाक्यावर मी गाडीत बसले.

उतारावर गाडी बाजूला घेऊन तुम्ही तिला आधी सगळं सांगितलंत. 1943 च्या नोव्हेंबरात घराघरांत पत्रं आली. रणगाड्यांच्या सरावाला जमीन हवी आहे, 19 डिसेंबरपर्यंत घरं रिकामी करा. सव्वादोनशेच्या आसपास माणसं. बहुतेक सगळी कुळं, घरं आणि जमीन बाँड घराण्याची. म्हणून भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची.

"भाजीची?" आई म्हणाली. घरातून निघाल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

परत येऊ या भरवशावर ती माणसं निघाली. लढाई संपली, पण 1948 मध्ये सरकारनं जमीन कायमची ठेवून घेतली. आजही तिथे सराव चालतो, म्हणून गाव मुख्यतः शनिवार-रविवारीच उघडं असतं. जाताना कुणीतरी चर्चच्या दाराला चिठ्ठी टाचून ठेवली होती. तिच्यातला मजकूर तुम्ही आईला मराठीत करून सांगितलात. पिढ्यान्‌पिढ्या राहिलो ती घरं आम्ही सोडलीत, चर्च नि घरं नीट जपा, एक दिवस आम्ही परत येऊ, गावाशी मायेनं वागलात म्हणून आभार. आईनं ती तुमच्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतली. हेलन टेलर या तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या अस्थी 1999 मध्ये परत टायनमच्याच मातीत आल्या, हे ऐकल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

मग शाळा. एकच खोली, बाकं, बाकांवर मुलांनी पानाफुलांबद्दल लिहिलेलं, आणि भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एका मुलाचं नाव. आई त्या रांगेसमोरून हळूहळू चालत गेली. इंग्रजी तिला अक्षर जुळवत वाचता येतं, तशी एकेक नाव ओठांत म्हणत गेली. शेवटच्या खुंटीला हात लावून म्हणाली, "आमच्या शाळेत खुंट्या नव्हत्या. पिशवी मांडीवर घेऊन बसायचो."

मी लगेच काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. तुम्ही मला नजरेनंच थांबवलंत. त्याबद्दल वेगळे आभार, कारण मी नेहमीसारखं "तुला काय वाटतंय?" विचारलं असतं आणि ती परत मिटली असती.

तुम्ही तिच्याशी टायनमबद्दलच बोलत राहिलात, आणि गोड करून सांगितलं नाहीत. वीज नव्हती. चर्चजवळच्या नळावरून पाणी भरायचं. मुलं कमी झाली म्हणून शाळा 1932 मध्येच बंद पडली होती, म्हणजे सैन्य यायच्या 11 वर्षं आधी. खाली वरबॅरोच्या किनाऱ्यावर मिलर कुटुंबातले लोक मॅकरेल धरायचे. गाव तेव्हाही आटत होतं, पण ज्यांना राहायचं होतं त्यांचं ते घर होतं. आई मान हलवत ऐकत होती. आमच्याकडेही सुख उतू जात नव्हतं, असं ती म्हणाली.

पोस्टाच्या ओळीत छपरं उडालेल्या घरांसमोर पाट्या आहेत, कुणाचं घर, कोण माणसं, जुने फोटो. एका चुलीपाशी उभं राहून तुम्ही अगदी सहज विचारलंत, "वहिनी, तुमच्या शेजारी कोण राहायचं?"

काका, मी तिची मुलगी. चाळीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नाही. डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, समोर कुणाची चूल बाहेर असायची, आई सांगत सुटली. तुम्ही खिसे चाचपून पार्किंगची पावती काढलीत आणि तिच्या पाठीवर गल्ली आखायला लागलात. पावती भरली तेव्हा माझ्या पर्समधलं विजेचं बिल घेतलंत. दगडी भिंतीवर कागद टेकवून तुम्ही चौकोन काढत होतात आणि आई बोटानं दाखवत होती, "नाही नाही, आड इकडे, वडाच्या अलीकडे." दीड तास. मागून येणारी इंग्रज माणसं वाट काढून पुढे जात होती. एका आजोबांनी आईला बसायला आपली घडीची खुर्ची दिली, त्यांचेही आभार.

त्या दिवशी 23 घरं झाली. नंतर तुम्ही तीन रविवार आमच्याकडे आलात, मोठ्या कागदावर सगळं उतरवलंत, आणि आई परत जाईपर्यंत आकडा 37 वर गेला. कोणत्या घरात किती लेकरं, कोण पुण्याला गेलं, कोण नव्या गावठाणात, सगळं तुमच्या त्या बारीक अक्षरात. मी त्याच्या प्रती काढून मामाला आणि मावशीला पाठवल्या. मावशीनं फोन करून दोन घरांची अदलाबदल करायला लावली आणि आईशी भांडली. त्या दोघी इतकं मोकळं भांडलेल्या मी कित्येक वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

एक काम राहिलंय. काल रात्री आईचा फोन आला, मुद्दाम तुमच्यासाठी निरोप. कुंभाराच्या घरामागे एक म्हातारी एकटी राहायची, पोरांना चिंचा द्यायची. नाव आठवत नाही म्हणते, पण घर नक्की होतं. तिथे एक चौकोन काढून ठेवा, नाव मी आठवून कळवते, असं सांगितलंय. मूळ कागद तुमच्याकडेच आहे. रविवारी मी येते, पेन्सिल घेऊन.

तुमची,
वहिनींची धाकटी