बडगा उगारला, पुढे?

संपादक महोदय,

आपल्या अंकात वर 'फेरीवाल्यांवर कारवाईचा बडगा' आणि त्याच पानावर खाली 'थकबाकीदारांवर बडगा' असे दोन मथळे वाचले. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी बाई आणि घरपट्टी थकवणारा गाळेमालक, दोघांनाही एकच दांडका!

माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. तिथल्या एकाही कागदावर 'बडगा' पाहिल्याचं आठवत नाही. बेकायदा बांधकाम असेल तर महापालिका कायद्याच्या कलम 260ची नोटीस, मग सुनावणी, पंचनामा, 'निष्कासन' म्हणजे पाडकाम. साहेब लोक बोलताना 'तोडक' म्हणत: "उद्या तोडक आहे, बंदोबस्ताचं पत्र गेलं का?" आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या पालिकेची माल उचलणारी गाडी दिसली की नुसतं "गाडी आली!" ओरडतात. एवढ्यावरून काय होणार ते ज्याचं त्याला कळतं. बडग्यावरून फक्त कोणीतरी रागावलंय, एवढंच कळतं.

शब्दाशी माझं भांडण नाही. ठसकेबाज आहे, मथळ्यात मावतो. शिवाय त्याला तुम्ही जोडता ते क्रियापद फारच अचूक. उगारणं म्हणजे मारायला वर उचलणं. तो खाली आला की नाही, हे बातमीत शोधूनही सापडत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एका वाढीव मजल्यावर असाच बडगा उगारला गेला. फोटोही छापून आला होता, ब्रेकर धरलेल्या कामगाराचा. स्लॅबला चार भोकं पाडून पथक गेलं. मग खालून प्लाय लावून वरून माल ओतला, भोकं बुजली, आज तिथे पडदे लागलेत. त्याची बातमी नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली, त्या ठाणे जिल्ह्यात हे चालतं.

फेरीवाल्यांचंही तेच. स्टेशनपासून 150 मीटरच्या आत बसायला उच्च न्यायालयाने 2017 सालीच मनाई केली. तेव्हा गाडी येणारच. पण 2014च्या फेरीवाला कायद्यानुसार उचललेल्या मालाची यादी सही करून द्यावी लागते. शुल्क भरून मागितला की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. हे किती वाचकांना ठाऊक आहे? किती भाजीवाल्यांना?

पुढच्या वेळी आपल्या बातमीदाराने एवढं विचारावं: हातगाड्या किती उचलल्या, यादी दिली का, माल परत मिळाला का. इमारत असेल तर महिन्याने पुन्हा जाऊन स्लॅब पाहून यावा. मथळ्यात बडगा राहिला तरी माझी हरकत नाही.

एक निवृत्त लिपिक,
नौपाडा, ठाणे