एके-५६ ही कलाश्निकोवची रायफल नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेली तीस-पस्तीस वर्षे मराठी वृत्तपत्रांत ‘एके-४७ व एके-५६ रायफली जप्त’ अशा बातम्या मी वाचत आलो आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याने तर ‘एके-५६’ हे नाव घरोघरी पोहोचवले. आकडा मोठा, म्हणून ती सत्तेचाळीसची सुधारलेली आवृत्ती असणार, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः एके-४७ चे जनक मिखाइल कलाश्निकोव यांनी या नावाची रायफल कधीच बनवली नाही. सोव्हिएत संघाने दिलेल्या आराखड्यांवरून चीनने एके-४७ बनवायला घेतली, १९५६ साली ती आपल्या सैन्यासाठी स्वीकारली आणि त्या वर्षावरून तिला ‘टाइप ५६’ म्हटले. आपल्याकडे दोन नावांची सरमिसळ होऊन ‘एके-५६’ तयार झाले. त्यातही गंमत अशी की, सिमोनोव यांची एसकेएस कार्बाइन आणि देगत्यारोव यांची हलकी मशीनगन यांच्या चिनी आवृत्त्यांनाही ‘टाइप ५६’ हेच नाव आहे, त्यामुळे नुसत्या छप्पन्नवरून शस्त्र कोणते हेही कळत नाही. चिनी रायफल ओळखायची तर पुढच्या माशीभोवतीचे (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुंटीभोवतीचे) पूर्ण बंद कडे पाहावे; अनेक रायफलींना नळीखाली दुमडणारी अणकुचीदार संगीनही असते.

ही चूक तशी किरकोळ आहे, पण तिच्यामागे एक मोठा समज दडलेला आहे. चीनचे शस्त्र म्हणजे रशियाची नक्कल, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. मे २०२५ च्या संघर्षात पाकिस्तानने चिनी विमाने आणि क्षेपणास्त्रे वापरल्यावर हीच मंडळी दुसऱ्या टोकाला जाऊन चिनी तंत्रज्ञानाचे पोवाडे गाऊ लागली. दोन्ही सुरांत माहिती कमी आणि आवेश जास्त असतो. मी ओझरच्या मिग कारखान्यात जिग-फिक्स्चर (भाग बनवताना तो अचूक जागी धरून ठेवणारी साधने) विभागात उमेदीची वर्षे काढली आणि रशियन ड्रॉइंगांशी माझा रोजचा संबंध होता, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

पहिली गोष्ट म्हणजे १९५० च्या दशकातील चिनी शस्त्रे चोरून बनवलेली नव्हती. १४ फेब्रुवारी १९५० च्या मैत्री करारानंतर मॉस्कोने चीनला कारखाने, यंत्रसामग्री, ड्रॉइंग आणि तज्ज्ञ असे सगळेच पुरवले. शेनयांगच्या कारखान्यात मिग-१७ वरून बनलेल्या ‘जे-५’ विमानाने १९ जुलै १९५६ रोजी पहिले उड्डाण केले. टी-५४ए रणगाड्यावरून बाओटो येथे ‘टाइप ५९’ तयार झाला, टीयू-१६ बॉम्बफेकी विमानावरून ‘एच-६’ आले आणि टीटी पिस्तुलावरून ‘टाइप ५४’ आले. या व्यवहाराला नक्कल म्हणायचे असेल, तर आपल्याकडे परवान्याने बनलेल्या मिग-२१ ला, टी-७२ रणगाड्याला आणि सुखोई-३० ला काय म्हणायचे, याचेही उत्तर द्यावे लागेल.

नक्कल करायलाही अक्कल लागते, असे आपण सहज म्हणून जातो. कारखान्यात या वाक्याचा फार रोकडा अर्थ असतो. ड्रॉइंगवर आकार असतो, मापे असतात आणि किती सूट चालेल तेही लिहिलेले असते. पण त्या मिश्रधातूची पट्टी आपल्या देशात मिळते का, घडाईचा दाब पुरेसा आहे का, भट्टीतून काढलेला भाग किती वेळाने थंड करायचा, भोक पाडण्यापूर्वी तो कोणत्या जिगवर कसा धरायचा, यातले बरेचसे शिकवणाऱ्याच्या हातात असते, कागदावर नसते. रशियन माणूस शेजारी उभा असला की शंका दहा मिनिटांत मिटते आणि तो नसला की तीच शंका सहा महिने खाते.

चीनच्या शेजारचा हा माणूस १९६० च्या उन्हाळ्यात एकदम निघून गेला. ऑक्टोबर १९५७ च्या करारात अणुबॉम्बचा नमुना देण्याचे कबूल करून जून १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी ते नाकारले होते, आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये सुमारे १,३९० तज्ज्ञ परत बोलावण्याचा निर्णय झाला. आर-२ या सोव्हिएत क्षेपणास्त्रावरून बनवलेले चीनचे पहिले क्षेपणास्त्र त्यानंतर काही महिन्यांतच, ५ नोव्हेंबर १९६० रोजी उडाले. १६ ऑक्टोबर १९६४ च्या अणुस्फोटाच्या प्रकल्पाला चीनने ‘५९६’ हे सांकेतिक नाव दिले होते. मदत नाकारली गेली तो ५९ सालातला सहावा महिना त्यांनी असा नावात कोरून ठेवला. हे यश स्वस्तात मिळालेले नव्हते. झटपट औद्योगिकीकरणाच्या ‘मोठी झेप’ या मोहिमेच्या घाईत मिग-१९ वरून बनवलेल्या सुरुवातीच्या ‘जे-६’ विमानांची गुणवत्ता इतकी ढासळली होती की त्यांतली पुष्कळ हवाई दलाला देण्याजोगीच नव्हती.

ओझरच्या माणसाला सर्वांत जवळची वाटणारी कथा मात्र मिग-२१ ची आहे. आपण परवान्याचा करार १९६२ साली केला आणि १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहू लागला. इंजिनासाठी कोरापुट आणि इलेक्ट्रॉनिक सामग्रीसाठी हैदराबाद अशी वाटणी झाली. चीनला याच विमानाची मिग-२१एफ-१३ ही आवृत्ती बनवण्याचा परवाना १९६१ साली मिळाला होता. संबंध बिघडलेले असल्याने कागदपत्रे अपुरी आली आणि राहिलेल्या गोष्टी चिनी अभियंत्यांना हाती आलेली विमाने व सुटे भाग मोजून, तपासून भराव्या लागल्या. त्यांचे ‘जे-७’ १७ जानेवारी १९६६ रोजी उडाले. लगेच सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि उत्पादन रखडले. आमच्याकडे त्याच काळात रशियन तज्ज्ञ कारखान्यात हजर होते. आधी तयार संच जोडायचे, मग मोठे भाग बनवायचे, मग कच्च्या मालापासून सुरुवात करायची, अशा पायऱ्यांनी काम पुढे गेले. आमचे विमान सुबक आणि रशियन नमुन्याशी तंतोतंत जुळणारे होते, याचा आम्हाला अभिमान होता आणि तो गैर नव्हता.

तथापि, पुढचे सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. मूळ मिग-२१एफ-१३ मध्ये वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे छत पुढच्या बाजूला बिजागरीने जोडलेले होते आणि आसन बाहेर फेकले जाताना ते ढालीसारखे आसनाबरोबरच सुटत असे. ही व्यवस्था समाधानकारक ठरेना, तेव्हा चिन्यांनी मागे उघडणारे छत आणि नवे आसन बसवले. ‘जे-७ई’ या आवृत्तीत त्यांनी पंखच बदलला: आतल्या भागाचा ५७ अंशांचा कल तसाच ठेवून बाहेरचा भाग ४२ अंशांवर आणला, त्यामुळे कमी वेगात वळण घेण्याची क्षमता बरीच सुधारली. विमानाचा पंख बदलणे म्हणजे सगळी जिगे नव्याने करणे, हे या विभागात घाम गाळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही एफएल, एम आणि बिस या आवृत्त्या ओळीने बनवल्या, परंतु प्रत्येक वेळी नवी आवृत्ती मॉस्कोहून आली. मापात एका केसाचा बदल करायचा तरी विचारावे लागे. पाहुण्याने शिकवले आणि तो टिकला, म्हणून आमचे विमान चांगले झाले. पाहुणा निघून गेला, म्हणून त्यांना स्वतः आरेखन शिकावे लागले. हे बोलणे कटू वाटेल, पण माझा निष्कर्ष तोच आहे.

दोन्ही शाखांचा शेवट जवळजवळ एकाच वेळी दिसला, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यातील एका शाळेवर कोसळलेले बांगलादेशी हवाई दलाचे ‘एफ-७’ हे याच जे-७ चे निर्यातीचे रूप होते, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला आपल्या मिग-२१ ला निरोप देण्यात आला. चीनने जे-७ चे उत्पादन २०१३ पर्यंत चालू ठेवले होते.

आता नक्कल या शब्दाचे टोक जरा सोव्हिएत संघाकडेही वळवू. जे-५ चे इंजिन सोव्हिएत व्हीके-१ वरून आले, आणि व्हीके-१ हे ब्रिटनने १९४६ साली मॉस्कोला विकलेल्या रोल्स-रॉइस ‘नीन’ इंजिनाचे अपत्य होते. वर उल्लेख केलेले आर-२ क्षेपणास्त्र जर्मनीच्या व्ही-२ च्या कुळातले. व्लादिवोस्तोकच्या परिसरात १९४४ साली उतरलेली अमेरिकी बी-२९ विमाने उलगडून तुपोलेव्ह यांनी ‘टीयू-४’ बनवले, ते चीनला मिळाले आणि त्याच्याच पाठीवर मोठी तबकडी बसवून चीनने आपले पहिले हवाई टेहळणी विमान अजमावले. क्षेपणास्त्राची कथा तर याहून नामी आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरील चकमकीत तैवानी विमानांनी अमेरिकी ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्रे डागली. त्यांतले एक न फुटलेले चीनच्या हाती लागले, ते बऱ्याच मिनतवारीनंतर मॉस्कोला पोहोचले, त्यावरून सोव्हिएत ‘के-१३’ तयार झाले आणि तेच ‘पीएल-२’ नावाने चीनमध्ये बनू लागले. १९७१ च्या युद्धात आमच्या मिग-२१ च्या पंखाखाली हेच के-१३ लावलेले असे. यात मूळ कोणाचे आणि उष्टे कोणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९७१ चा विषय निघालाच आहे, तर ४ डिसेंबरची रात्र आठवावी. भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री कराचीवर सोव्हिएत पी-१५ क्षेपणास्त्रे डागली, आणि जवळपास त्याच वेळी राजस्थानात लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानचे चिनी टाइप ५९ रणगाडे चालून येत होते. पुढे पी-१५ चेच चिनी वंशज ‘सिल्कवर्म’ या नावाने इराण-इराक युद्धात गाजले, तर टी-५४ च्या कुळातले टी-५५ रणगाडे १९७१ च्या त्याच युद्धात आपल्याही बाजूने लढत होते. एकाच आरेखनाची अपत्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

उघड उघड परवानगीवाचून केलेल्या नकलाही आहेतच आणि त्या झाकायचे कारण नाही. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील चेनबाओ बेटावरच्या चकमकीत एक सोव्हिएत टी-६२ रणगाडा चीनला सापडला. त्यातले काही तंत्र ‘टाइप ६९’ रणगाड्यात उतरले आणि तो मूळ रणगाडा आज बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात आहे. सुखोई-२७ चे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. १९९६ साली २०० विमाने जोडण्याचा परवाना मिळाला, सुमारे निम्मी विमाने झाल्यावर चीनने पुढचे संच घेणे थांबवले आणि स्वतःचे रडार व इंजिन घातलेले ‘जे-११बी’ पुढे आणले. युक्रेनकडून मिळालेल्या एका प्रायोगिक नौदल सुखोईवरून ‘जे-१५’ बनले. ते ज्या ‘लिआवनिंग’ जहाजावरून उडते, तेही युक्रेनमध्ये अर्धवट पडून राहिलेले सोव्हिएत ‘वार्याग’च आहे. रशियाच्या ‘रोस्टेक’ या सरकारी महामंडळाच्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल जाहीर तक्रार केली. तेव्हाचा ‘१७ वर्षांत ५०० प्रकरणे’ हा आकडा परदेशांतील सर्वच नकलांचा होता. आपल्याकडे तो एकट्या चीनच्या नावावर खपवला जातो.

या सगळ्यात चीनला सर्वांत जास्त काळ अडवून धरले ते इंजिनाने. सांगाडा मोजता येतो, पण टर्बाइनच्या पात्याचा धातू आणि त्याची घडण मोजपट्टीने कळत नाही. म्हणून जे-११ मागोमाग आलेली जे-१० आणि सुरुवातीची जे-२० ही विमानेसुद्धा रशियन एएल-३१ इंजिनांवर उडाली, आणि २०२१ च्या झुहाई प्रदर्शनात स्वदेशी डब्ल्यूएस-१० लावलेले जे-२० जाहीरपणे दिसेपर्यंत पहिल्या सुखोईच्या आगमनाला जवळपास तीस वर्षे झाली होती. आपल्या तेजसचे इंजिनही अजून अमेरिकी आहे, हे या संदर्भात नोंदवतो आणि पुढे जातो.

आपल्या वार्ताहरांकडे माझे मागणे लहानसे आहे. चिनी शस्त्राबद्दल लिहिताना ते सोव्हिएत ड्रॉइंगवरून बनले, परवान्याने बनले, उलगडून बनले की केवळ कूळ तेथले आणि रूप आता वेगळे, हे एका वाक्यात सांगावे. वाचकाला ते समजते. आणि पुढच्या वेळी जप्तीची बातमी आली, तर छायाचित्रात माशीभोवतीचे कडे बंद आहे का ते पाहून, तसे असल्यास ‘चिनी टाइप ५६ रायफल’ असे छापावे.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ,
ओझर (जि. नाशिक)