मध्यस्थी म्हणजे समेट नव्हे

संपादक महोदय,

कौटुंबिक वादाच्या बातम्यांत 'मध्यस्थी फसली, दोघे वेगळे होणार' असे सर्रास छापून येते. या वाक्यातल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. दोघे वेगळे झाले, पण मुले कोणाकडे किती दिवस राहणार आणि घराचे कर्ज कोण फेडणार हे त्यांनी समोरासमोर बसून स्वतः ठरवले, तर ती मध्यस्थी साधली. मोडू पाहणारा संसार सावरणे हे समुपदेशकाचे काम, आणि दोन्ही बाजू ऐकून निवाडा देणे हे न्यायाधीशाचे किंवा लवादाचे. मध्यस्थ यांतले काहीच करत नाही. दोघांनी आपला तोडगा स्वतः काढावा म्हणून तो फक्त बोलणे घडवून आणतो. घरातले वडीलधारे 'मधे पडतात' तेव्हा कोणाचे चुकले हे त्यांनी मनाशी आधीच ठरवलेले असते. मध्यस्थाला तो प्रश्न विचारायचाच नसतो.

खरे काम एकत्र बसण्याच्या आधी सुरू होते. प्रत्येकाशी स्वतंत्र, साधारण तासभराची भेट होते. तिथे मारहाण झाली आहे का, धमक्या येतात का, पैशांच्या नाड्या एकाच्याच हातात आहेत का, समोर बसून 'नाही' म्हणता येईल का, हे विचारावे लागते. यातल्या एकाचेही उत्तर काळजीचे असेल तर संयुक्त बैठक घ्यायची नाही. फार तर दोघांना वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या वेळी बोलावून मध्यस्थाने ये-जा करायची. नाहीतर प्रकरण सरळ न्यायालयाकडे जाऊ द्यायचे. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या २०११ च्या इस्तंबूल कराराने अशा प्रकरणांत सक्तीच्या मध्यस्थीला मनाई केली आहे. वेळ वाचवण्यासाठी ही पहिली भेट गाळली जाते, आणि मग दबलेली बाजू मान डोलावते व बाहेर पडल्यावर सही नाकारते.

एक बैठक दीड तासाची असावी, फार तर दोन. चार-चार तास बसवून ठेवले की माणसे पटले म्हणून सही करत नाहीत, सुटका व्हावी म्हणून करतात. बहुतेक प्रकरणांना तीन ते सहा बैठका लागतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कागद गोळा करायचे, आणि इथेच निम्मी गाडी अडते. घासाघीस सुरू होण्याआधी दोघांचे वर्षभराचे बँक उतारे, पगाराच्या किंवा धंद्याच्या उत्पन्नाचे पुरावे, कर्जखाती, विमा, भविष्यनिर्वाह निधी, गुंतवणुका आणि एकमेकांसाठी दिलेल्या जामिनक्या अशी पूर्ण यादी टेबलावर हवी. जामिनकी हमखास विसरली जाते. घर एकाच्या नावावर करून दिले, तरी दोघांच्या सहीचे कर्ज बँकेच्या लेखी दोघांचेच राहते. बँक आपसातल्या करारपत्राने बांधली जात नाही. नावे कमी करायला तिची लेखी संमती लागते आणि उरणाऱ्या एकट्याच्या उत्पन्नावर ती ते कर्ज चालू ठेवेल का, हे आधी विचारावे लागते.

'घर मलाच हवे' असे दोघेही म्हणतात. त्यामागचे कारण मध्यस्थ खोदून काढतो. एकीला मुलाची शाळा बदलायची नसते आणि दुसऱ्याला त्यात घातलेली बचत बुडू द्यायची नसते. मागणी एकच दिसली तरी गरजा दोन निघतात. मग मुलाचे शिक्षण संपेपर्यंत घर तसेच ठेवून नंतर विकणे, किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा हप्त्यांनी देणे, असे मार्ग मोकळे होतात. निकालपत्रात असे मार्ग क्वचितच सापडतात.

मुलांच्या बाबतीत करारातले सर्वांत घातक वाक्य म्हणजे 'वडील सोयीनुसार मुलांना भेटू शकतील'. सोय कोणाची? सहा महिन्यांत याच शब्दावर नवा अर्ज पडतो. वार, वेळ, आणणार कोण, सोडणार कोण, उशीर झाल्यास किती मिनिटे थांबायचे, मूल आजारी पडल्यास हुकलेला दिवस कधी भरून काढायचा, सुट्टीचे दोन भाग कोणत्या तारखेला पडतात, पारपत्र कोणाकडे राहणार, फोन किती वाजता, हे सगळे लिहायचे. वाचताना ते हास्यास्पद वाटते, पण संबंध ताणलेले असताना आधार तेवढाच असतो. मूल वाढते तशा गरजा बदलतात, म्हणून दर वर्षी किंवा शाळेचा टप्पा बदलेल तेव्हा फेरविचार करण्याचे कलमही हवे. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे बारावे कलम मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क देते. याचा अर्थ त्याला 'आई हवी की बाबा?' असे विचारणे नव्हे. दिवस कसा जातो, कशाची भीती वाटते, हे प्रशिक्षित माणसाने एकट्या मुलाशी बोलून समजून घ्यायचे, आणि त्यातले काय आईवडिलांना सांगायचे ते मुलालाच विचारून ठरवायचे.

भावंडांच्या वाटणीत अडचण वेगळी असते. जो खोलीत नसतो तोच करार मोडतो. परगावचा भाऊ, लग्न झालेली बहीण, किंवा बाहेर बाकावर बसलेली आणि रात्री घरी गेल्यावर नवऱ्याचे मत बदलणारी बायको. सर्व हिस्सेदार हजर हवेत, नाहीतर त्यांचे लेखी अधिकारपत्र हवे, आणि ज्यांच्या संमतीशिवाय निर्णय टिकणार नाही त्यांची नावे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावीत. दोघेच असतील तर एकाने वाटे घालायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, ही जुनी रीत आजही चोख चालते. तिघांत ती तशीच लावली तर दोघे संगनमत करू शकतात. तिथे त्रयस्थाकडून मूल्यांकन करून घेणे बरे, तेही येईल तो आकडा मान्य करू असे मूल्यांकन हाती येण्याआधीच ठरवून. म्हाताऱ्या आईवडिलांच्या सांभाळाचा वाद असेल तर 'मी जास्त केले' हे बोलणे मोजमापावर आणावे लागते: आठवड्यातले तास, रात्रीची जागरणे, औषधांचा खर्च. आणि ज्यांच्याबद्दल ठरते आहे ते आईवडील बोलू शकत असतील, तर त्यांना वगळून बैठक घेऊच नये.

मध्यस्थीत बोललेले पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरायचे नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे. भारताच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेची तरतूद आहे. मात्र मुलाला धोका असल्याचे किंवा कोणी जिवावर उठल्याचे कळले तर गुप्ततेचा आडोसा सहसा मिळत नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

सक्ती किती असावी यावर देशोदेशी वेगळे उत्तर आहे. नॉर्वेत १६ वर्षांखालील मुले असलेल्या विवाहित जोडप्याला वेगळे होण्याआधी मध्यस्थीला हजर राहावेच लागते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून बहुतेक प्रकरणांत न्यायालयात अर्ज करण्याआधी मध्यस्थीची माहिती देणाऱ्या बैठकीला जावे लागते. आपल्याकडे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयाचेच कर्तव्य ठरवले. आमच्या मते हजेरीची सक्ती चालेल, सहीची नको.

सहीसाठी घाई तर मुळीच नको. मसुदा हाती द्यावा, प्रत्येकाने तो आपापल्या वकिलाकडून तपासून घ्यावा आणि आठवड्याने सही करावी. मग तो न्यायालयापुढे ठेवून त्यावर आदेश घ्यावा, कारण नुसत्या कागदावर हप्ता थकला तर वसुलीसाठी पुन्हा दावा लावण्याची वेळ येते. मुलाच्या पोटगीवर आईवडिलांनी आपसात पाणी सोडले तरी न्यायालये ते सहसा मान्य करत नाहीत. दोघे दोन देशांत राहणार असतील तर आणखी सावध राहावे लागते. मध्यस्थीतले करार देशाबाहेर बजावता यावेत म्हणून झालेल्या २०१९ च्या सिंगापूर कराराने कौटुंबिक वाद स्पष्टपणे वगळले आहेत, म्हणून एकाच मजकुराचे आदेश दोन्ही देशांच्या न्यायालयांतून घेणे श्रेयस्कर.

पाच मुद्द्यांपैकी तीनच सुटले तर? ते तीन लिहून सह्या कराव्यात आणि उरलेल्या दोनांवर न्यायालयात भांडावे. सुनावणी तेवढ्यापुरतीच होते. अशा वेळी बातमीत 'मध्यस्थी फसली' असे न छापता 'तीन मुद्द्यांवर समझोता, दोन न्यायालयात' असे छापावे, एवढीच विनंती.

आपले,
कौटुंबिक मध्यस्थीच्या क्षेत्रातले काही वाचक