तुझ्या युनिव्हर्सिटीतली ती इमारत

नेरूळ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले त्या इमारतीचे फोटो मोठे करकरून पाहिले. खाली पोहण्याचा तलाव आणि जिम, मधल्या मजल्यांवर तुमचे वर्ग नि बसून वाचायची जागा, सगळ्यात वर बास्केटबॉलचं कोर्ट. माझं सगळं काम एसी आणि व्हेंटिलेशनचं, त्यामुळे माझी नजर आधी छताकडे गेली. आईची मात्र तुझ्या मेसेजच्या शेवटच्या ओळीकडे. वर्ग त्याच इमारतीत, तरी तलावात अजून एकदाही उतरले नाही, वेळच मिळत नाही, असं लिहिलंयस. त्यासाठीच लिहायला बसलोय.

अगं, अशी इमारत उभी करणं सोपं नसतं. खेळ, पाणी आणि शिकवणं हे एका छपराखाली आले की एकमेकांच्या मुळावर उठतात.

तलावाचंच घे. पोहणाऱ्यांचा घाम पाण्यातल्या क्लोरीनशी मिळाला की क्लोरामाइन तयार होतात. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो, तो बराचसा त्यांचाच. ती हवा जिन्याने वर गेली तर वर्गात बसवणार नाही. म्हणून तलावाच्या हॉलमधला हवेचा दाब शेजारच्या जागेपेक्षा किंचित कमी ठेवतात. दार उघडलं की हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. दारात क्षणभर थांबून बघ, तुझे केस आतल्या बाजूला उडायला हवेत. आतली हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवतात, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. एवढं करूनही जी ओल राहते ती तुमच्याकडच्या थंडीत भिंतीत शिरली, की तिथे तिचं पाणी होतं आणि भिंत आतून खराब होत जाते.

आणि हे नुसतं वासावर, ओलीवर भागत नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं, १२ माणसं गेली. छत ज्यांना टांगलं होतं त्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या तलावाच्या हवेतल्या क्लोराइडमुळे तडकल्या होत्या. गंजत नाही म्हणून आपण जे डोळे झाकून वापरतो, ते स्टील! तेव्हापासून तलावाच्या छतात कुठलं स्टील चालतं आणि कुठलं नाही, हे फार काटेकोरपणे बघितलं जातं.

उड्यांचंही तसंच. २०११ च्या जुलैत सोलमधली टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत हलायला लागली, माणसांना बाहेर काढावं लागलं. चौकशीत काय निघालं, तर १२ व्या मजल्यावर १७ जण एका तालावर ताए-बो, म्हणजे ठोसे-लाथा मारायचा व्यायाम, करत होते आणि तो ताल नेमका इमारतीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला होता. तुझ्याकडे वजनांची जिम तळमजल्यावर आहे ती उगाच नाही. कोर्ट सगळ्यात वर, कारण २८ मीटर लांब नि १५ मीटर रुंद जागेत मधे खांब चालत नाही, आणि त्यावर आणखी मजले चढवायचे तर ते वजन उतरवायचं कुठे? मग खालच्या वर्गांना चेंडूचा आवाज जाऊ नये म्हणून लाकडी फरशीखाली रबराच्या गाद्या घालायच्या. इथलं डी. वाय. पाटील स्टेडियम आठव, एवढ्या मोठ्या छपराखाली प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एक खांब येत नाही. तेही युनिव्हर्सिटीच्याच आवारात, मेडिकल कॉलेजच्या शेजारी. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथे वर्ल्ड कप जिंकला.

स्वस्तात करायचं असतं, तर तलाव कॅम्पसच्या एका टोकाला आणि वर्ग दुसऱ्या टोकाला बांधून मोकळे झाले असते. मग थंडीत तिथवर जातं कोण? बांधणाऱ्यांनी हे ओळखलं आणि एवढा खर्च, एवढी डोकेफोड करून तलाव तुमच्या वर्गाखाली आणून ठेवला. तुला दोन जिने उतरायचे आहेत. सेमिस्टरच्या फीमध्ये त्याचे पैसे धरलेलेच आहेत, हे तूच सांगितलंस.

आपल्याकडे दहावी आली की बॅट माळ्यावर जाते. तू दहावीतही पोहणं सोडलं नाहीस, आणि त्यासाठी आईने सोसायटीतल्या, नात्यातल्या किती जणांचं ऐकून घेतलं ते मी पाहिलंय. संध्याकाळी पोहून आलीस की जेवायला बसेपर्यंत गप्प असायचीस, आणि नंतर तुला पुस्तकापुढून उठवावं लागायचं. तेव्हा झालेला अभ्यास कुणाच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. हल्ली पाठ दुखते असं आईला सांगितलंस, मला नाही सांगितलंस. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसल्यावर दुसरं काय होणार? परीक्षेच्या आठवड्यात तर आधी जा.

पोहण्याचा चष्मा तुझ्या कपाटात तसाच राहिलाय. कुरिअर करत बसत नाही, तिकडेच चांगला घे, पैसे आज पाठवतो. आणि एक काम कर. तिथल्या देखभालीच्या माणसांना विचार, मशीनरूम बघायला मिळेल का. मिळाली तर तलावाच्या हॉलमधली हवा ते वरून ओढतात की पाण्याच्या जवळून, तेवढं बघून मला कळव. क्लोरामाइन पाण्यालगतच साचतात, त्यामुळे मला वाटतं खालून ओढत असणार.

तुझे,
बाबा